डोंगरावर तारेचं कुंपण पडतंय, काय करता येईल? (खारघर, पारसिक, येऊर सगळ्यांनी लिहा)

डोंगरउतार
मंडळी, मदत हवीय आणि थोडी बडबड पण करायचीय, सहन करा.

आमच्या सेक्टरच्या मागनं जी पायवाट डोंगरावर चढते तिच्या पहिल्या सपाटीवर गेल्या महिन्यापासून सिमेंटचे खांब उभे राहायला लागलेत. आधी चुन्याच्या रेषा दिसल्या, मग जेसीबी चढवायला म्हणून उतार कापून कच्चा रस्ता काढला, आता खांबांमधून काटेरी तार ओढतायत. बोर्ड कसलाच नाही. वॉचमनला विचारलं तर "साहेबांची जागा आहे", कोण साहेब विचारलं तर "मला काय माहीत, मी एजन्सीचा माणूस". वरच्या वाडीतल्या बायका मोळ्या घेऊन ज्या वाटेने उतरायच्या ती वाट बरोबर तारेच्या आत गेलीय, त्यामुळे त्या आता ओढ्यातनं वळसा घालून येतात, पावसाळ्यात काय करणार देव जाणे.

सोसायट्यांच्या ग्रुपवर लगेच धडाका सुरू झाला, रविवारी हजार झाडं लावूया, मेणबत्त्या घेऊन चालूया, मंत्र्यांना टॅग करूया, टी-शर्टचा रंग सुद्धा ठरला. माझं म्हणणं एवढंच की आधी ती जमीन कागदावर कोणाची आहे ते बघा ना! वनखात्याची आहे, सिडकोची आहे, कुणा खाजगी माणसाची आहे की गुरचरण आहे हे माहीत नसताना आपण नेमकं कोणाला आणि काय सांगणार? तर मला ग्रुपवर "निगेटिव्ह" ठरवलंय. इथे कोणी असं काही केलंय का? कुठून सुरुवात करायची?

भटकी_मांजर
टी-शर्टचा रंग कुठला ठरला ते सांग आधी

डोंगरउतार
हिरवा. अजून कुठला असणार

मीनल_घोडबंदर
मी तुझ्याशी अर्धी सहमत आहे. कागद हवेतच पण माणसं जमली नाहीत तर कागद फाईलमध्ये सडतो. मुंबईत आरेच्या मेट्रो कारशेडच्या वेळी आठव, ऑक्टोबर २०१९ मध्ये हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या, दोन हजारांवर झाडं पडली, मग सुप्रीम कोर्टाने थांबवलं. तेव्हा रस्त्यावर माणसं नसती तर त्या रात्रीची बातमी तरी झाली असती का? तेव्हा मेणबत्त्यांना एवढं पण हसू नकोस.

डोंगरउतार
हसत नाहीये गं. पण आरेचंच घे ना, तिथे सगळा वाद "हे जंगल आहे की नाही" याचाच होता, कागदावर दुग्धवसाहत होती ना ती. म्हणजे फिरून तिथेच आलो आपण.

सातबारा_काका
नमस्कार. मी महसूल खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे, नौपाड्यात राहतो. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांब होईल.

पहिली गोष्ट, खारघरचा डोंगर आणि ठाण्याचा डोंगर यांचे मालक, तालुके, जिल्हे सगळेच वेगळे. पारसिकची रांग मुंब्रा-कळव्यापासून खाली बेलापूर-खारघरपर्यंत येते. त्यातला ऐरोली-घणसोली-बेलापूरचा भाग ठाणे जिल्हा, नवी मुंबई महापालिका. खारघर मात्र रायगड जिल्हा, पनवेल तालुका, २०१६ पासून पनवेल महापालिका, आणि तिथलं वन अलिबाग विभागाकडे. येऊर आणखी वेगळं, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. लोक काय करतात, खारघरची तक्रार ठाण्याच्या वन कार्यालयात देतात, तिथला माणूस ती घेतो, शिक्का मारतो, आणि महिन्याने "आमच्या हद्दीत नाही" असं उत्तर येतं. तोवर कुंपण पूर्ण.

दुसरी गोष्ट, गट नंबर. मोबाईलवर त्या सपाटीवर उभे राहून लोकेशन घ्या, तारेच्या चारही कोपऱ्यांवर घ्या, फक्त मधोमध नको. मग महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गावाचा नकाशा काढून कुठला गट किंवा सर्व्हे नंबर लागतो ते बघा. नकाशा आणि जागा तंतोतंत जुळत नाहीत, दहा-वीस मीटर इकडे तिकडे होतं, म्हणून शेजारच्या नंबरांचे पण उतारे काढा. सातबारावर भोगवटादार कोण ते वाचालच, पण खरी मेख "इतर अधिकार" या रकान्यात असते. तिथे वनाचा शेरा असतो, भूसंपादनाचा असतो, कुळाचं नाव असतं, कोर्टाचा मनाई हुकूम असतो. आणि खाली फेरफार क्रमांक लिहिलेले असतात, ते एकेक काढा. जमीन कोणाकडून कोणाकडे कशी सरकली ते फेरफारात कळतं, सातबारा फक्त आजचा फोटो आहे.

तिसरी, तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण सगळे तलाठीच म्हणतात) गाव नमुना १-अ मागा, ती वनजमिनींची नोंदवही. गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणांची. ही नावं घेऊन गेलात की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो, अनुभव आहे. दिलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवस. तोवर वनखात्याच्या १९२६ वर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा, जपून.

भटकी_मांजर
काका तुम्ही क्लास काढा

ऐरोली_सेक्टर८
सगळं छान आहे हो पण एक कडू प्रश्न विचारू का. आपण सगळे ज्या घरात बसून हे टाईप करतोय त्याची खडी कुठून आली? याच डोंगरातून. तुर्भ्यापासून वरपर्यंत खदानीच खदानी होत्या, अर्धं शहर त्या दगडावर उभं आहे. आता आपलं घर झालं, व्ह्यू मिळाला, तर पुढच्याने घर बांधू नये असं म्हणायचं. काटई नाक्याच्या रस्त्यासाठी याच पारसिकमधून बोगदा काढला, कल्याण-डोंबिवलीवाल्यांना विचारा त्यांना काय वाटतं त्याबद्दल. ठाणे-बोरिवली बोगदा येऊरच्या पोटातून जाणार तेव्हा पण मला तरी आनंदच होईल, घोडबंदरला दोन-दोन तास गेलेत माझे.

मीनल_घोडबंदर
घोडबंदरला राहते मी, मला दोन तासांचं सांगू नका. प्रश्न बोगद्याचा नाहीचे. बोगद्याला निदान प्रकल्प आराखडा असतो, परवानग्या असतात, ज्याला भांडायचंय त्याला भांडायला कोर्ट असतं. इथे रातोरात तार लावतायत आणि मालक कोण ते सांगत नाहीत. सार्वजनिक प्रकल्प आणि हे एका पारड्यात कसं टाकता?

ऐरोली_सेक्टर८
ते मान्य. बिनबोर्डाचं कुंपण म्हणजे डाळीत काहीतरी काळं आहेच.

येऊरचा_पोर
मी येऊरच्या पाड्यावर राहतो, नोकरी वागळे इस्टेटला. हा धागा बरा चाललाय म्हणून लिहितो नाहीतर "डोंगर वाचवा" वाल्यांपासून मी लांबच असतो. का ते सांगतो.

गेल्या काही वर्षांत येऊरसाठी खूप लोक आवाज उठवतात, रात्रीच्या पार्ट्या, डीजे, टर्फचे फ्लडलाइट, बंगले, सगळं खरं आहे. शनिवारी रात्री दोन वाजता आमच्या घरापर्यंत ढोल-डीजे ऐकू येतो आणि बिबट्या जायची वाट तीच आहे. पण तक्रारीत शेवटी शब्द येतो अतिक्रमण, आणि अतिक्रमण म्हटलं की साहेब लोक मोजायला पहिले कुठे येतात? पाड्यावर. आमचं कुडाचं घर मोजायला सोपं, बंगल्याला गेट असतं आणि गेटवर कुत्रा असतो. माझा आजा याच जमिनीवर नाचणी करायचा, आमच्याकडे वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य देतात, अजून देतात, त्याच वाघोबाच्या जागेशेजारी माझ्या चुलत्याला नोटीस.

२००६ चा वनहक्क कायदा आहे ना, त्यात एका घराचा दावा असतो तसा अख्ख्या गावाचा सामूहिक दावा पण असतो. कलम ३(१)(झ) का काय ते, मराठी प्रतीत बघा, इंग्रजीत आय आहे. त्यात गावाला जंगल राखायचा हक्क मिळतो, नुसता लाकूडफाटा आणायचा नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये मिळाला, सुमारे १८०० हेक्टर. तिथे ग्रामसभा ठरवते बांबू कधी तोडायचा, वणवा कोण विझवणार. तुमच्या त्या वाडीतल्या बायकांना विचारलं का कोणी, त्यांचा दावा भरलाय का ते? त्यांची वाट बंद झालीय. तक्रारीत पहिली सही त्यांची पाहिजे, टॉवरमधल्या सोसायटीवाल्यांची दुसरी.

डोंगरउतार
हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, आमच्या ग्रुपवर वाडीतलं एकही माणूस नाही. उद्या वर जातो. थँक्यू रे.

सातबारा_काका
येऊरच्या पोराने मुद्द्यावर बोट ठेवलंय. वहिवाटीच्या वाटेचा पुरावा त्या बायकांकडेच आहे. गावनकाशावर पायवाट तुटक रेषेने दाखवलेली असते, ती असेल तर सोन्याहून पिवळं. वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली, १९०६ चा कायदा आहे, अर्ज करता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, तेव्हा मेणबत्त्यांत वेळ घालवू नका.

युटातली_ठाणेकरीण
ठाण्यात चरईत वाढले, आता बरीच वर्षं सॉल्ट लेक सिटीत आहे. तुमचं वाचून मला इथलं सांगावंसं वाटतंय कारण इथे पण सगळं याच एका प्रश्नावर चाललेलं असतं, जमीन कोणाची.

युटा राज्याची साधारण दोन तृतीयांश जमीन केंद्र सरकारची आहे, म्हणजे तत्त्वतः सगळ्या जनतेची. डोंगर आणि वाळवंट दोन्ही. त्यातली बरीच ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाच्या खात्याकडे, ज्यांच्याकडे देशभरात साडेचोवीस कोटी एकर आहे. तिथे तुम्ही तंबू ठोकू शकता, गुरं चारायचं परमिट मिळतं, शिकार होते, तेल-वायूचे लीज पण दिले जातात. तर गंमत बघा, बेअर्स इअर्स नावाचा लाल दगडांचा प्रदेश आहे, तिथे हजारो वर्षांपूर्वीची दगडी घरं, शैलचित्रं आहेत. होपी, नवाहो, झुनी आणि दोन युट जमाती अशा पाच आदिवासी राष्ट्रांनी एकत्र येऊन तो राखा म्हणून मागणी केली. २०१६ च्या डिसेंबरात ओबामांनी साडेतेरा लाख एकर संरक्षित जाहीर केलं. २०१७ मध्ये ट्रम्पनी त्यातलं ८५ टक्के काढून टाकलं. २०२१ मध्ये बायडननी परत घातलं. म्हणजे एकदा वाचवलं की वाचलं असं इथे पण नाही.

आणि २०२५ च्या जूनमध्ये, आमच्याच राज्याच्या सिनेटरने, माइक ली, मोठ्या बजेट विधेयकात घुसवलं की पश्चिमेकडच्या राज्यांतली वीस ते तीस लाख एकर सार्वजनिक जमीन विकायची, कारण दिलं घरं बांधायला. तेव्हा जे झालं ते मी इथे कधी बघितलं नव्हतं. बंदूकवाले शिकारी, मासे धरणारे, सायकलवाले, गिर्यारोहक, पर्यावरणवाले, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक एका बाजूला आले. माझा शेजारी कट्टर रिपब्लिकन, दर हिवाळ्यात एल्क मारून फ्रीजर भरतो, तो ऑफिसला जाताना गाडीतून सिनेटरच्या ऑफिसला फोन लावायचा. २८ जूनला मागे घेतलं त्यांनी. मला वाटतं तुमच्या डोंगराला पण असे बेमेळ दोस्त लागतील, नुसते पक्षी बघणारे नाही पुरणार.

भटकी_मांजर
आमच्याकडे शिकारीऐवजी वडापाव खायला डोंगरावर जाणारे आहेत, ते चालतील का

युटातली_ठाणेकरीण
धावतील. फक्त कागद खाली घेऊन या म्हणावं. अजून एक, इथल्या वाळवंटात चालताना जमिनीवर काळपट, खडबडीत, छोट्या छोट्या बुरुजांसारखी साल दिसते. ती माती नाही नुसती, त्यात सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल असतं, तेच वाळू धरून ठेवतं. एक बूट पडला तर भरून यायला कित्येक वर्षं, काही ठिकाणी दशकं. म्हणून वाळवंट राखणारे लोक इथे पहिलं काय शिकवतात तर कुठे चालायचं नाही. झाडं लावायला कोणी सांगत नाही.

गवताळ
या शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला माझ्याकडून चहा. मी वनस्पतीशास्त्र शिकवते कॉलेजात, आणि दर जूनमध्ये माझं डोकं फिरतं.

खारघरच्या वरच्या सपाटीवर, पारसिकच्या माथ्यावर माती वीतभर पण नाही काही ठिकाणी, खाली थेट काळा बेसाल्ट. तिथे निसर्गतः गवत येतं, पावसात सोनकी, तेरडा, सीतेची आसवं, खडकाच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात इवलाल्या कीटकभक्षी वनस्पती. जरा उतारावर कारवी, सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. हे उन्हाळ्यात वाळतं आणि मग बघणाऱ्याला वाटतं बोडका डोंगर. लगेच खड्डे. आणि लावतात काय, गिरिपुष्प! ग्लिरिसिडिया! पटकन वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, फोटोत हिरवं दिसतं. त्याच्या बियांचं विष करून उंदीर मारतात म्हणून उंदीरमारी म्हणतात लोक. खाली दुसरं काही धड येत नाही. वर एक खड्डा म्हणजे खडक फोडून केलेला, पहिल्या पावसात त्यातली माती ओढ्यात.

तर हजार झाडांचा रविवार कृपया रद्द करा. लोकांना कामच हवं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात जाळरेषा काढायला बोलवा, म्हणजे पायथ्याला पाच-सहा मीटर रुंद पट्टा गवत कापून मोकळा करायचा, फेब्रुवारीपासून वणवे लागतात ते वर चढत नाहीत. कंटाळवाणं काम आहे, हात सोलतात, फोटो वाईट येतो. म्हणून कोणी येत नाही. आणि हो, वनखात्याला विचारूनच, आपल्या मनाने विळे घेऊन जाऊ नका.

घणसोली_गाववाला
गवळीदेवला आमच्याकडची काही मंडळी सकाळी चालायला जाताना पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन जातात, जी झाडं आधीच लावलेली आहेत त्यांना उन्हाळाभर पाणी. म्हातारे लोक आहेत बहुतेक, एकाचं तर गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. कोणी नाव लावत नाही. ते पण चुकीचं का मॅडम?

गवताळ
अजिबात नाही! तिथे उताराला माती आहे, झाडं तिथली असली आणि जगवत असाल तर उत्तमच. माझा राग लावून पळून जाणाऱ्यांवर आहे. माथ्यावरची सपाटी तेवढी सोडा.

पोखरण_रिटर्न
वाळवंटाचा विषय निघालाच आहे तर. मी सोलरच्या कामासाठी जैसलमेरला होतो, म्हणजे मी "दुसऱ्या पार्टीचा" माणूस समजा.

तिथे ओरण असतात, आपल्याकडच्या देवराईसारखं, पण मोठे, शेकडो-हजारो बिघे. देवाच्या नावाने सोडलेली जमीन, झाड तोडायचं नाही, पण गुरं, शेळ्या, उंट चारायचे. खेजडी, बोर, कैर आणि सेवण नावाचं गवत. सेवण एवढ्या कमी पावसात कसं टिकतं मला अजून कळलं नाही. तर महसुली दप्तरात यातले कित्येक ओरण "सिवायचक" म्हणून लागलेले, म्हणजे कोणाच्याच नावावर नसलेली सरकारी जमीन. आमच्या कंपनीसारख्यांना नकाशात ती रिकामी दिसते. लीज होते, खांब येतात, मग गावकरी समोर येऊन उभे राहतात आणि आम्हाला वाटतं हे कुठून आले. ते तिथेच होते, कागदावर नव्हते. गावकऱ्यांनी ओरणावरून पायी यात्रा काढल्या, आणि मागणी एकच, दप्तरात ओरण म्हणून नोंद करा. १८ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजस्थान सरकारला सांगितलं की देवराया, ओरण यांची जागेवर जाऊन आणि उपग्रहाने मोजणी करून वन म्हणून अधिसूचित करा.

आणि सोलरची वीज नेणाऱ्या तारांवर माळढोक पक्षी आपटून मरतो. त्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला, आणि वजन दहा-पंधरा किलो, ऐन वेळी वळता येत नाही. २०२१ मध्ये कोर्टाने तारा जमिनीखाली घाला म्हटलं, २०२४ मध्ये ते सैल करून समिती नेमली. सोलर पण हवंच आहे, मी काय त्याच्या विरोधात नाही, माझं पोट त्यावर आहे. पण डोंगरउतार जे म्हणतोय ना, आधी नोंद बघा, ते मी कुंपणाच्या पलीकडून सांगतो, आम्ही पण पहिलं तेच बघतो. ज्याची नोंद पक्की तिथे कंपनी जातच नाही, लीगलवालेच नको म्हणतात.

मीनल_घोडबंदर
हे बाकी भारी. म्हणजे ज्यांच्याशी भांडायचं तेच आपल्याला अभ्यास सांगतायत.

ऐरोली_सेक्टर८
माळढोकवरून आठवलं, आपल्या सोलापूरच्या नान्नजचं काय झालं? अभयारण्य होतं ना

गवताळ
१९७९ चं. एकेकाळी कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, त्यात शहरं, शेतं, सगळंच आत आलेलं, लोकांना घराची भिंत घालायला पण अडचण. नंतर कमी करत बाराशेच्या आसपास आणलं. एवढं मोठं आखून पक्षी काही वाचला नाही आणि लोक तेवढे विरोधात गेले. त्यामुळे नुसती नोंद म्हणजे सगळं असंही नाही, डोंगरउतार. कोणाला विचारून नोंद केली तेही बघायचं.

डोंगरउतार
मान्य. पण नोंदच नसेल तर विचारायची वेळच येत नाही ना, थेट तार.

भोचक_भवानी
तो डोंगर तर त्या अमुक पक्षाच्या तमुक माणसाच्या भाच्याने घेतलाय असं आमच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, नाव सांगू का

व्यवस्थापक
नाव काढून टाकलं आहे. पुराव्याशिवाय इथे कोणाचं नाव लिहू नये. गट नंबर, नेमकी जागा हे सुद्धा सध्या लिहू नका, समोरची माणसं पण वाचतात. इस्त्रीवाल्यांवर आकस नाही.

डोंगरउतार
अपडेट देतो, सलग लिहितोय, चुका पोटात घाला.

वाडीत गेलो. तिथल्या एका मावशींनी मला काहीच न बोलता आधी ती वाट दाखवली. तारेच्या आत आता पण दिसते, एवढे पाय पडलेत की दगड गुळगुळीत झालेत, मधे एका उंबराखाली मोळी टेकवायला उभा दगड आहे, डोक्यावरचं ओझं खाली न ठेवता टेकवायचं आणि श्वास घ्यायचा, बरोबर त्यांच्या खांद्याच्या उंचीचा. तो दगड आता काटेरी तारेच्या आतल्या बाजूला. त्याचे फोटो काढले, लोकेशन चालू ठेवून. सामूहिक दावा त्यांनी भरला होता, पोच पण आहे, पुढे काय झालं कोणाला माहीत नाही.

मग उतारे काढले. काकांनी सांगितलं म्हणून शेजारचे पण काढले आणि तिथेच खरं कळलं. खालचा नंबर खाजगी आहे, खरंच आहे, फेरफार बघितले, खरेदीखत वगैरे नीट. पण वरचा नंबर महाराष्ट्र शासन, वन. आणि खांब दोन्हीत आहेत. म्हणजे मालक खरा आहे पण तार वर चढलीय, माझ्या मोबाईलप्रमाणे बरीच वर. गावनकाशावर तुटक रेषा आहे!! मी दोनदा बघितली.

तक्रार वनखात्याकडे वाडीच्या सह्यांनी गेली, खाली आमच्या. वनरक्षक येऊन पंचनामा करून गेले, मोजणीशिवाय हद्द सांगता येणार नाही म्हणाले, ते बरोबरच आहे. रस्ता अडवल्याचा अर्ज तहसीलला वेगळा दिला. ग्रुपवर टाकलं तर एक जण म्हणाला "म्हणजे रविवारचं कॅन्सल का, माझे टी-शर्ट छापून आलेत".

भटकी_मांजर
हिरवे टी-शर्ट मोजणीला घालून या. मोजणीवाला घाबरेल तरी

सातबारा_काका
मोजणीला टी-शर्ट नको. ऐका, आता महत्त्वाचं. मोजणीची नोटीस लगतच्या धारकांना जाते, वाडीला जाईलच असं नाही, म्हणून भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात जाऊन तारीख स्वतः विचारा आणि वाडीतल्या चार जणांना त्या दिवशी जागेवर उभे करा. जुने हद्दीचे दगड, वनाचे बुरुज असतात, दगड रचून केलेले, त्यावर कधी कधी नंबर रंगवलेला असतो, ते आधी शोधून ठेवा. गवतात लपलेले असतात. एखादा उखडलेला दिसला तर हात लावू नका, आहे तसा फोटो, आणि पंचनाम्यात घ्या म्हणा. मोजणीच्या दिवशी मालकाशी हुज्जत घालू नका, खालची जमीन त्याची आहे, त्याने तिथे तार लावली तर तो त्याचा हक्क.

येऊरचा_पोर
बुरुज म्हाताऱ्यांना माहीत असतात. वाडीतल्या आज्यांना विचार, गुरं राखलेली असतात त्यांनी, साहेबाची हद्द कुठे संपते ते त्यांना मार खाऊन पाठ असतं. आणि तो दाव्याचा पोच कागद, त्याची झेरॉक्स घेऊन मला मेसेज कर, उपविभागीय समितीकडे कुठे अडकलाय ते बघायची पद्धत मला माहितीय, आमचा पण तिथेच अडकला होता.

डोंगरउतार
करतो आज रात्री. काका, मोजणी तातडीची लावायची की साधी? फी मध्ये बराच फरक आहे आणि वनखातं म्हणतंय आमच्याकडून लावू पण वेळ लागेल.

सातबारा_काका
वनहद्दीची मोजणी वनखात्यानेच लावू दे, तुमच्या पैशाची मोजणी उद्या कोर्टात "हितसंबंधी" म्हणून उडवतील. तुम्ही फक्त दर आठवड्याला जावक क्रमांक विचारत राहा. सोमवारी गेलात तर जेवणाच्या सुट्टीआधी जा.